गिरणीतली झोळी

पाणखारच्या भातगिरणीत गेल्या पस्तीस वर्षांत भाताचा एक दाणा भरडला गेलेला नाही. तरी गावाच्या तोंडी तिचं नाव गिरणीच. मधल्या काळात तिथे शाळा भरली, व्हिडिओवर पिक्चर दाखवले गेले, कंटेनरवर टाकायच्या ताडपत्र्या शिवल्या गेल्या. पण पोरं 'गिरणीत शाळेला' जायची आणि त्यांचे बाप 'गिरणीत पिक्चरला'. एका पाहुण्याने मात्र तिला भंगार म्हटलं, आणि तेही गोदूआजीच्या ओटीवर बसून. त्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

गोदूआजी म्हणजे चांगदेवची आई आणि दिपेशची आजी. पंचाहत्तरी उलटलेली, अंगाने काटक, आणि आवाज असा की भरतीच्या वेळी खाडीतल्या होडीवाल्यालाही तिने हाक मारलेली कळावी. न्हावा शेव्याला बंदर आलं तेव्हा गावाची भातशेती गेली, मिठागरं गेली, आणि त्या जागी रस्ते, यार्डं नि ट्रेलरच्या रांगा आल्या. चांगदेव आधी ट्रेलरवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. दिपेशने स्वतःचे ट्रेलर घेतले, आणि दोन वर्षांपूर्वी गिरणीच विकत घेतली.

तशी गिरणीची चावी आधीपासून आजीकडेच असायची. जुन्या शेठची मुलं मुंबईला गेली, तेव्हा झाडलोटीसाठी तिच्याकडे देऊन गेली होती. पण झाडणारणीची चावी वेगळी आणि मालकिणीची वेगळी. खरेदीखत झालं त्या दिवशी दिपेशने तीच चावी तिच्याकडून मागून घेतली आणि देवापुढे ठेवून पुन्हा तिच्या हातात दिली. ज्या दारात ती सूप बगलेत मारून रोजावर उभी राहायची, ते दार आता तिचं होतं. ती चावी कमरेला खोचून गावभर हिंडली. काही घ्यायचं नसताना दुकानात जाऊन आली. दुकानदाराने विचारलंच, "आजी, काय देव?" तर म्हणाली, "काय नको. सहज आली."

अभिमान लपवणं तिला कधी जमलं नाही आणि तिने तसा प्रयत्नही केला नाही.

अडचण आली ती यंदा. दिपेशला गिरणीत ट्रेलर दुरुस्तीचं वर्कशॉप काढायचं होतं. दगडी भिंती चांगल्या मजबूत होत्या, पण छप्पर बुटकं. कंटेनर लादलेला ट्रेलर आत यायचा तर छप्पर वर उचलायला हवं, आणि त्याआधी आडव्या तीन तुळया कापायला हव्यात. या तुळया म्हणजे रेल्वेचे जुने रूळ होते. त्यातल्या सगळ्यात आतल्या रुळाला लोखंडी आकडे होते, ओळीने. नवख्याला वाटावं, पोती लटकवायचे असतील. त्या आकड्यांना हात लावायला आजी तयार नव्हती. तिचं एवढंच म्हणणं होतं, बाकी गिरणीचं काय वाटेल ते कर, ती आतली तुळई राहू दे.

तिचं हे म्हणणं कळायचं तर गिरणी गिरणीच होती त्या काळात जावं लागेल.

तेव्हा गिरणी लालजीशेठची. ऑइल इंजिनावर चालायची. सुगीनंतर खारभाताच्या गाड्या दारात लागत, आणि आत गावातल्या बायका तांदूळ पाखडायला, कणी निराळी करायला बसत. बहुतेकींच्या कडेवर अंगावर पिणारं मूल. शेठचा नियम कडक होता: पोर आत आणायचं नाही. इंजिनाचा पट्टा उघडा फिरायचा, तेव्हा त्याचं भय खोटं नव्हतं. पण मग पोरं ठेवायची कुठे, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि ते शोधायची त्याला गरजही पडली नव्हती. बायका पोरांना बाहेर तुसाच्या ढिगाजवळ निजवत. गरम तुसात मूल पटकन झोपायचं.

गोदूची जिवाभावाची मैत्रीण रंगू. तिचा विठोबा तेव्हा जेमतेम पालथा पडायला लागलेला. रंगूने त्याला ढिगात खळगा करून निजवलं. आत गिरणी चालू होती, बाहेरच्या नळीतून नवं तूस पडत होतं, आणि वरचा ढीग घसरला. गोदू पाणी प्यायला बाहेर आली, तर खळगा दिसेना. तिने ओरडायला वेळ घालवला नाही. दोन्ही हातांनी ढीग उपसला, पोराचा पाय सापडला तसा ओढला, उलटं धरून पाठीवर थापा मारल्या. नाकातोंडातून कोंडा निघाला आणि मग रडणं. त्या रडण्यासारखं गोड गाणं आपण कधी ऐकलं नाही, असं ती अजून सांगते. विठोबाचं नाव त्या दिवसापासून कोंड्या पडलं. आज तो पन्नाशी पार केलेला, गॅसच्या ज्योतीने लोखंड कापणारा गॅस कटर आहे, तरी गावात कोंड्याच.

दुसऱ्या दिवशी बायका कामावर आल्या, नेहमीच्या जागी बसल्या, आणि गोदूने आपलं सूप पालथं घातलं. तिच्यामागून रंगूने घातलं. मग सगळ्या ओळीने. सुपं पालथी आणि बायका मांडी घालून गप्प. ओरडा नाही, घोषणा नाहीत. धंद्याच्या जागी सुपं पालथी पडलेली बघून लालजीशेठ गादीवरून उठून धावत आला.

"अरे बाई, आ शूं करते? सूप सीधा कर नी! लक्ष्मी पाछी जाएगी!"

"आमची लक्षुमी काल तुसान गारली गेलती," गोदू म्हणाली. "पोरां आत झोपतीन, तवाच सुपां सुलटी व्हतीन."

"मशीनमां छोकरू? पागल झाली काय?"

गोदूने बोट वर केलं. पट्टा सगळा दाराच्या बाजूला होता, आतली तुळई त्याच्यापासून लांब. तिथे झोळ्या बांधल्या तर मूल वर राहील, तूस नाही, पट्टा नाही, आणि आईच्या नजरेसमोर. शेठ दुपारपर्यंत चिडला, दुपारनंतर विचारात पडला, आणि संध्याकाळी मोऱ्याच्या बंदरावरच्या लोहाराकडे माणूस धाडला. होड्यांचे नांगर बनवणारा लोहार तो. त्याने आकडे असे ठोकले की त्यांवर होडी टांगावी. आसपासच्या कुठल्या गिरणीत अशी सोय नव्हती. पाणखारची जी माणसं आज केस पिकवून बसली आहेत, त्यांतली निम्मी त्या आकड्यांना लटकून मोठी झाली. चांगदेव झाला, कोंड्या झाला, पुढे सरपंच झालेला एक जण तर असा रडका होता की त्याच्या झोळीला दोरी बांधून ती गोदूच्या पायाच्या अंगठ्याला बांधावी लागे.

आता एक रीत. रिकामा पाळणा हलवायचा नाही, रिकामी झोळी टांगती ठेवायची नाही, लेकराला बाधतं, हे आपल्याकडे सगळ्याच बायका मानतात. पाणखारच्या बायकांनी ती आकड्यांनाही लावली. घरी जाताना झोळी सोडली की त्या आकड्याला सूप अडकवायचं, आकडा मोकळा सोडायचा नाही. गिरणी बंद झाली आणि शाळा भरू लागली, तेव्हा गोदूने मास्तरांना गळ घालून घंटा आणि नकाशे तिथे टांगायला लावले. व्हिडिओवाला आला तेव्हा त्याचे भोंगे तिथे लागले. ताडपत्रीवाल्याने दोरखंडांची वेटोळी अडकवली. धंदे बदलले, माणसं बदलली, आकडा कधी रिकामा राहिला नाही.

मग ताडपत्रीवालाही गेला, आणि गिरणीला कुलूप लागलं.

त्या आठवड्यात गोदूआजीला जेवण गोड लागेना. शेवटी तिने आपल्या पाट्यावरचा वरवंटा उचलला. बारशाला पाळण्यात आधी वरवंटाच घालतात ना? मग झालं तर. तिने त्याला रीतीप्रमाणे हळदकुंकू लावलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, त्याची झोळी केली आणि शिडी लावून मधल्या आकड्याला टांगली. एक भरला म्हणजे सगळे भरले, असा तिचा तिनेच निकाल लावला. घरी पाटा एकटा पडला. चांगदेवने वरवंट्याची चौकशी केली, तर "हाय जागेवर" एवढंच उत्तर. त्या दिवसापासून घरात वाटण मिक्सरवर होऊ लागलं, आणि आजी ते नाक मुरडून खाऊ लागली. गिरणीत अंधार असायचा. झाडू न पोचणाऱ्या वरच्या जाळ्याजळमटांत ती झोळी कुणाच्या नजरेला पडली नाही.

तर यंदा दिपेशने तुळया कापायचं ठरवलं, तेव्हा घरात वाजलं.

"आजी, समजून घे ना गो. हाइट पायजे. आपण फोटो काढून ठेवू, मोठा करून ऑफिसमधी लावू."

"फोटोला झोली बांदता येतंय काय?"

"आता कोन बांदणार हाय झोली? त्या बायका ऱ्हायल्या काय, ती कामां ऱ्हायली काय?"

आजी चिडून फणकाऱ्याने उठली. तिथेच बसलेली दिपेशची बायको हेमाली चटकन वर बघून मांडीवरच्या लहानग्या राहीला पुन्हा थोपटू लागली. हेमाली लग्नाआधीपासून एका कंटेनर यार्डात कागदपत्रांचं काम करायची, हुशारीने करायची. राही झाली तसं ते सुटलं. वर्कशॉपचं ऑफिस आपण सांभाळावं असं तिच्या मनात होतं, एकदा बोलूनही दाखवलं होतं. दिपेशने विचारलं होतं, "आनी राहीला कोन बगल?" तिथे तो विषय थांबला होता.

"कापशील तवा मी हितं नसन," म्हणून आजीने पिशवी भरली आणि थळला लेकीकडे निघून गेली. आपल्या डोळ्यांदेखत ते होऊ नये, एवढंच तिच्या हातात होतं. थळला खाऊन पिऊन सुखी असायला हवी होती. पण समुद्रावरून वारा आला की तिला वाटे, आता गॅस लावला असेल, आता रूळ खाली आला असेल.

तिसऱ्या दिवशी हेमालीचा फोन आला. "आजी, लवकर या. गिरणीत देव निघालाय."

झालं होतं असं. तुळया कापायला दिपेशने कोंड्यालाच बोलावलं होतं. त्याने बाहेरच्या दोन तुळया सरळ कापल्या. तिसरीला शिडी लावून वर चढला, जाळी बाजूला सारली, आणि समोर मळक्या कापडात लटकलेलं काहीतरी जड. फट करून बघितलं तर काळा गुळगुळीत दगड, त्याला हळदकुंकू. कोंड्या होता तसाच खाली उतरला. हातपाय धुतले, नारळ आणला, फोडला आणि म्हणाला, "यो जागेचा राखनदार हाय. मी त्याचेवर आग चालवनार नाय. दुसऱ्याला पन चालवू देनार नाय."

कोकणात राखणदाराचं नाव निघाल्यावर पुढे बोलायचं धाडस कोण करणार? दिपेश तरी कसा करणार, त्याच्या प्रत्येक ट्रेलरच्या काचेवर लिंबूमिरची लटकते. संध्याकाळपर्यंत बायका ताटं घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून रिक्षा भरून आल्या. देवाला झोळीबाबा हे नावही मिळालं.

आजी थळहून आली ती थेट गिरणीत. दारात चपलांचा खच, आत उदबत्त्यांचा धूर, आणि आकड्याला तिची झोळी, तिच्यावर झेंडूची माळ. आधी तिला हसूच आलं. तेवढ्यात दिपेशने तिला कोपऱ्यात ओढलं. त्याने बरोबर ताडलं होतं. "आजी, तूच टांगलीस ना ती? बोलू नको कोनाला. मी प्लॅन बदलतो, तुळई ऱ्हाईल. देवाचे जागेवर मी पन गॅस चालवनार नाय. तुना पायजे व्हता तोच झाला ना?"

खरं तर झालं होतं. गप्प बसलं की काम फत्ते. पुढच्या शंभर वर्षांत त्या तुळईला कुणी हात लावला नसता. आजीला मोह पडला नाही असं नाही, चांगला पडला. ती तुळईकडे बघत उभी राहिली. खाली एक तरणी पोर आपलं तापाने फणफणलेलं मूल झोळीखाली निजवून बसली होती. कोण म्हणत होतं, डॉक्टरकडे ने. ती म्हणत होती, बाबाचा अंगारा लावते आधी.

आजीचं मन तिथे फिरलं. आणि आणखीही एक गोष्ट तिला आतून टोचत होती. हे आकडे काही राखणदाराने दिले नव्हते. ते तिने, रंगूने आणि सूप पालथं घालून बसलेल्या बायकांनी मिळवले होते. त्याचं श्रेय एका वरवंट्याने घ्यावं, हे तिला सहन होईना.

"कोंड्या," तिने हाक मारली. बाहेर बिडी ओढणारा कोंड्या आत आला. "झोली खाली काढ."

"मावशी, देवाला..."

"काढ सांगते."

तुसातून बाहेर ओढणारीचा शब्द मोडायची त्याची हिंमत नव्हती. त्याने शिडी लावली, झोळी काढून तिच्या हातात दिली. आजीने माळ बाजूला ठेवली, कापड सोडलं आणि दगड सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"यो देव नाय. यो माजा वरवंटा हाय. आकडा रिकामा नको म्हनून मीच ठेवलेला. गो पोरी, तू आदी लेकराला डॉक्टरकरं ने. दिपेश, गारी काढ हिच्यासाठी."

बायकांनी माना उंचावून दगड बघितला. मग चेहरे पडले, मग कुणीतरी फिसकन हसलं. कोंड्या मात्र रडवेला झाला. "मावशी, मी नारल फोरला गो."

"मग परसाद खा."

तापाच्या पोराला घेऊन गाडी गेली. बायका निघू लागल्या, तशी आजी म्हणाली, "थांबा. हात जोरायचे असतील तर कोनाला जोरता ते तरी आयका." आणि तिने आकड्यांची गोष्ट सांगितली. तुसाचा ढीग, पालथी सुपं, शेठ, लोहार. कुठल्या आकड्याला कोण झोपायचं ते बोट दाखवून सांगितलं. आपल्या सासऱ्याचं रडकेपण ऐकून सरपंचाच्या सुनेची हसून पुरेवाट झाली. कोंड्या शेवटच्या आकड्याखाली जाऊन उभा राहिला आणि वर बघत राहिला. हे त्याने आईकडून शंभर वेळा ऐकलं होतं, पण आपला आकडा कुठला ते कधी पाहिलं नव्हतं.

गोष्ट संपली. आजी दिपेशकडे वळली. "देव नाय म्हनून सांगितला. आता तू मोकला. कापायची तर काप. पन खोट्या देवाचे नावान मना ती ऱ्हायला नको."

दिपेश डोकं खाजवत राहिला. बोलली ती हेमाली. राही तिच्या कडेवर होती.

"मला हितं बसायचंय," ती म्हणाली. "या तुळईखाली टेबल टाकून. ऑफिस मी बघते. राहीपण हितंच ऱ्हाईल."

"वर्कशॉपमधी लेकरू?" दिपेशच्या तोंडून निघालं. "यडी झालीस काय?"

आजीने कमरेवर हात ठेवला. "आसाच," ती म्हणाली. "आसाच बोललेला लालजीशेठ. हितंच उभा ऱ्हाऊन."

दिपेशच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग आला, मग लाज आली, आणि मग तो एकदम आपल्या वयाहून लहान दिसू लागला. त्याने वर पाहिलं. दार ते तुळई अंतर डोळ्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं. ट्रेलर पुढच्या भागात मावत होता. मागचा भाग बुटका राहिला तरी चालणार होतं. हे त्याला आधीही दिसलं असतं, बघायचं मनात असतं तर.

"कोंड्याकाका," तो म्हणाला, "ही ऱ्हाऊ दे."

हेमालीने आजीच्या हातातलं कापड घेतलं, झटकलं, नाक मुरडलं आणि आपल्या खांद्यावरची धुतलेली ओढणी काढली. झोळी कोंड्याने बांधली, ओढून तिची मजबुती बघितली आणि खाली उतरला. हलवून बघायला निघालेल्या दिपेशचा हात आजीने वरच्यावर धरला. आधी राहीला आत ठेवलं, मगच पहिला झोका दिला. राहीने आकड्याकडे टक लावून पाहिलं, मूठ तोंडात घातली आणि झोपून गेली. आजीची छाती अशी फुगली की विचारू नका. ज्या जागेसाठी तिने एकदा सूप पालथं घातलं होतं, तिथे आता तिची पणती मालकिणीसारखी निजली होती.

संध्याकाळी घरी चांगदेव ओटीवर बसला होता. आतून कितीतरी वर्षांनी घरघर आवाज आला. सुकट, लसूण आणि लाल मिरचीचा ठसका बाहेर आला तसा तो उठून स्वयंपाकघराच्या दारात गेला. आजी पाट्यासमोर बसून चटणी वाटत होती.

"आये, वरवंटा कवा आला?"

"आजच आला डुटीवरून," आजी हात न थांबवता म्हणाली. "आता राही लागली कामाला."